कातकरी वाडीतलं कडू औषध: कोविडच्या काळात काय घेतलं, किती घेतलं आणि कधी बंद केलं

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. कोविडच्या दोन वर्षांत रायगड-ठाण्यातल्या कातकरी वाड्यांवर लोकांनी कोणती झाडं वापरली, त्यांनी माणसं वाचली का, आणि तीच झाडं आपण घरी घेतली तर चालतील का. मी आयुर्वेदाची पदवी घेतलेली डॉक्टर आहे. कर्जत, खालापूर आणि सुधागड तालुक्यांतल्या वाड्यांवर गेली २६ वर्षं माझं जाणं-येणं आहे, आणि ती दोन वर्षं मी तिथेच होते. म्हणून जे पाहिलं ते सविस्तर लिहिते.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देते. गुळवेल, अडुळसा, काडेचिराईत, निर्गुडी, भुईरिंगणी ही झाडं मुख्यतः वापरली गेली. अंग मोडून आलेल्या, ताप-खोकल्याने बेजार झालेल्या माणसाला त्यांनी आराम दिला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. ज्याला धाप लागली, ज्याचे ओठ निळसर झाले, त्याला यातल्या कशानेही वाचवलं नाही. त्याला प्राणवायू लागला. ‘आदिवासींनी जडीबुटीने कोरोना हरवला’ असं तेव्हा बरंच छापून यायचं. वाड्यांवर चाचण्याच फारशा झाल्या नव्हत्या, मग किती जणांना आजार झाला आणि किती जण वाचले याचा हिशोब कुठून मांडणार? असं लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण त्याने वाडीचं भलं झालं नाही. ‘त्यांना काही होत नाही’ म्हटलं की गाडी पाठवायची जबाबदारी संपते.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र एका ओळीत मावणारं नाही. त्यासाठी वाडीने ही औषधं कशी घेतली ते आधी बघावं लागेल.

मार्च २०२० मध्ये वाड्यांवर माणसं कमीच होती. कातकरी म्हणजे पूर्वी खैराचा कात पाडणारे लोक. राज्यातल्या तीन आदिम जमातींपैकी ही एक, कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. कात गेला, जंगल दुरावलं, आणि आता दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं शेठची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात. पाऊस तोंडावर आला की परततात. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा ही माणसं भट्टीवरच होती. काहींना शेठने ठेवून घेतलं, काही पोरंबाळं घेऊन चालत निघाली. घरी पोचल्यावर पहिला प्रश्न आजाराचा नव्हता, तांदळाचा होता. एसटी बंद, रस्त्यावरची सहा आसनी रिक्षा बंद, आठवड्याचा बाजार बंद. त्यातच ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि कितीतरी घरांवरचे पत्रे उडाले. पावसाळ्याच्या तोंडावर छप्पर नसलेल्या घरात कुणाला ताप आला, तर प्राथमिक आरोग्य केंद्र दहा-बारा किलोमीटर लांब. तिथे गेलं तर उचलून नेतात आणि नेलेला परत येत नाही, ही अफवा गावोगाव पोचलेली. रुग्णवाहिका दिसली की माणसं मागच्या दाराने रानात जात. अशा वेळी हाताशी उरलं ते झाडपाल्याचं औषध. लोकांनी ते आवडीने निवडलं असं समजू नका. बाकी सगळं बंद होतं.

औषध कुणाला माहीत असतं हेही सांगायला हवं, कारण शहरात सगळे सरसकट ‘भगत’ म्हणतात. भगत बाहेरचं काय लागलंय ते पाहतो. झाडपाला बहुतेक वाड्यांवर एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या किंवा म्हाताऱ्या माणसाच्या हातचा असतो, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. एक जण काविळीचं देतो, दुसरी बाळंतिणीचं, तिसऱ्याच्या हाताला मोडलेल्या हाडाचा गुण. औषधाचं नाव उघड सांगितलं की गुण जातो अशी समजूत आहे, आणि मी तिचा मान राखते. या लेखात जी नावं आहेत ती सगळी कोकणातल्या घराघरांत ठाऊक असलेली आहेत. मला विश्वासाने दाखवलेली आणखी काही झाडं आहेत, ती इथे लिहिणार नाही.

आता गुळवेल. वाडीच्या कुंपणावर, शेवग्यावर, आंब्यावर, कुठेही चढते. पान हृदयाच्या आकाराचं, गुळगुळीत. जुन्या खोडाची साल कागदासारखी सुटते आणि खाली हिरवं दिसतं. खोड आडवं कापलं तर बैलगाडीच्या चाकासारखे आरे दिसतात. मधेच वेल तोडली तरी वरचा भाग मरत नाही, सुतळीसारखी मुळं खाली सोडून पुन्हा जमीन गाठतो. संस्कृतात तिला अमृता म्हणतात ते बहुधा यावरूनच असावं, असं मला कायम वाटत आलंय. वाडीतल्या ज्या आजीकडून मी हे सगळं शिकले, ती अंगठ्याएवढ्या जाडीचं खोड घ्यायची. कोवळं नाही आणि फार निबरही नाही. बोटभर तुकडा दगडावर ठेचायचा, रात्री मातीच्या भांड्यात पाण्यात टाकायचा, सकाळी गाळून ते पाणी द्यायचं. आमच्या ग्रंथांत याला हिम म्हणतात. तिला ग्रंथ ठाऊक नव्हते. तीन सकाळ द्यायची, फार तर पाच. मग बंद.

मी एकदा तिला विचारलं, चौथ्या दिवशी का नाही? ती म्हणाली, “बाई, कडू काय रोज खायाचं हाय? ताप गेला की कडू बंद. नायतर अन्न लागत नाय.” हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. त्याची किंमत मला २०२१ मध्ये कळली, त्याबद्दल पुढे लिहिते.

अडुळशाचं औषध करताना तिचे हात बघण्यासारखे असत. पिकायला आलेली मोठी पानं घ्यायची, पळसाच्या पानात घट्ट गुंडाळायची, वरून ओली माती लिंपायची आणि चुलीच्या गरम राखेत पुरायची. माती तांबूस झाली की काढायची. मग पिळली की पानांतून रस सहज निघतो, कच्च्या पानातून तो निघत नाही. त्यात मध. मध काढण्यात कातकऱ्यांचा हात कुणी धरणार नाही, तेव्हा तो घरचाच. आयुर्वेदात या कृतीला पुटपाक म्हणतात आणि अडुळशासाठी ती मुद्दाम सांगितलेली आहे. अडुळशात व्हॅसिसीन नावाचं द्रव्य असतं. त्याच्या रचनेवरून १९६०च्या दशकात ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध आलं, आणि पुढे अँब्रॉक्सॉल. आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर ही नावं असतात. म्हणजे चिकटलेला कफ सुटायला अडुळसा मदत करतो, यात नवल वाटण्यासारखं काही नाही. पण व्हॅसिसीनने गर्भाशय आकुंचन पावतं. गरोदर बाईला आजी अडुळसा देत नसे, कधीच नाही. शहरात टाळेबंदीत जे काढे गरोदर बायकांनी यादी वाचून घेतले, त्यात ही अट कुणी सांगितली होती?

काडेचिराईत ओल्या बांधावर उगवणारं गुडघाभर रोपटं. चव अशी की जिभेवरून तासभर जात नाही. इथे नावांचा घोळ समजून घ्या. ग्रंथातला किराततिक्त हिमालयात होतो. कोकणातल्या घरात किराईत म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा हे काडेचिराईत, वेगळ्याच कुळातलं. दोन्ही कडू, दोन्ही तापावर, पण झाडं दोन. थायलंडमध्ये सरकारनेच हे काडेचिराईत कोविडच्या सौम्य रुग्णांना देऊन पाहिलं होतं. आपल्याकडे ‘आयुष ६४’ ही मूळची मलेरियासाठी तयार केलेली गोळी २०२१ मध्ये सौम्य कोविडसाठी वाटली गेली, तिच्यात मात्र हिमालयातला चिराईत, कुटकी, सातवीण आणि सागरगोटा आहे.

सातवीणीवरून आठवलं. सिंधुदुर्गात आणि गोव्यात काही घरांत नरक चतुर्दशीच्या पहाटे सातवीणीच्या सालीचा कडू रस घोटभर देतात. वर्षातून एकदा, घोटभर. आपल्या जुन्या माणसांनी कडवटपणा किती मोजून वापरला आहे बघा.

बाकीची झाडं थोडक्यात. निर्गुडीचा पाला उकळून वाफ आणि अंगदुखीला शेक. वाफेने विषाणू मरत नाही, नाक मोकळं होतं आणि बरं वाटतं, तेवढंच. उकळता टोप आणि वर गोधडी, आत लहान मूल, असा प्रकार मी दिसेल तिथे थांबवला, कारण भाजल्याची दोन पोरं मी पाहिली. भुईरिंगणीचा काढा सुक्या खोकल्याला. गवती चहा आणि आलं सगळ्यांनाच. आणि भारंगी. पहिल्या पावसानंतर भारंगीला कोवळा पाला फुटतो. तो उकडून, कडू पाणी पिळून टाकून, वालाबरोबर भाजी करतात. हीच भारंगी ग्रंथांत श्वासावर, म्हणजे दम्यावर, सांगितलेली आहे. जून-जुलै २०२० मध्ये धान्य पुरत नव्हतं तेव्हा भारंगी, टाकळा, कुरडू, शेवग्याचा पाला यांवर वाड्या जगल्या. मला विचाराल तर त्या दोन वर्षांत कातकऱ्यांना सगळ्यात जास्त उपयोग कोणत्या वनस्पतींचा झाला, तर या रानभाज्यांचा. त्यांना औषध म्हणून कुणी मोजत नाही, म्हणून कुणी विचारत नाही.

आता माझी चूक सांगते, कारण तुमच्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे.

एप्रिल २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने आयुष क्वाथ नावाचा काढा सुचवला. तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, काळी मिरी एक. मला तो पटला होता. देणग्या गोळा करून मी आणि माझ्या सहकाऱ्यांनी पुड्या बांधल्या आणि वाड्यांवर वाटल्या. रोज सकाळी एक कप, सगळ्या घराने, प्रतिकारशक्तीसाठी, असं मी स्वतः सांगितलं. कोकणातला मे महिना, अंगाची लाही होते, आणि पोटात एक वेळचा भात. पंधरा दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. तोंड आलं, छातीत जळजळ, लघवीला आग, दोन पोरांचा घोळणा फुटला. उन्हाळ्यात, रिकाम्या पोटी, सगळी उष्ण द्रव्यं रोज, असं मी माझ्या दवाखान्यातल्या एकाही रुग्णाला दिलं नसतं. भीतीच्या दिवसांत मी शिकलेलं विसरले. आजीने पुड्या परत माझ्या हातात ठेवल्या. “ज्याला कायी झालं नाय त्याला औषध का देतेस?” मी उत्तर देऊ शकले नाही. पुढच्या फेरीत आम्ही त्याच पैशांचे तांदूळ, तूरडाळ आणि गोडेतेल नेलं.

‘प्रतिकारशक्ती वाढवणे’ ही कल्पनाच वाडीची नाही. तिथे औषध दुखण्याला असतं. ताप आहे, औषध आहे. ताप उतरला, औषध संपलं. निरोगी माणसाने रोज औषध घ्यावं हा विचार बाटली आणि डबा विकणाऱ्यांचा आहे, आणि तो आम्ही वैद्यांनीही विनातक्रार उचलला. ग्रंथात रसायनचिकित्सा, म्हणजे शरीराला बळ देणारे उपचार, आहे, मान्य. पण तिथेही आधी शोधन (शरीरशुद्धी), मग प्रकृती, वय, अग्नी (पचनशक्ती), ऋतू बघून देणं आहे. सोसायटीच्या दारातली कापलेली गुळवेल एकाने घेतली म्हणून दुसऱ्याने घ्यायची, आणि वर्षभर घ्यायची, याला रसायन म्हणत नाहीत.

त्याचं काय झालं ते नोंदलेलं आहे. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्ण पाहिले, सगळ्यांच्या यकृताला इजा, आणि सगळ्यांनी गुळवेल घेतलेली. २०२१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने जुलैमध्ये आक्षेप घेतला, की वेल नीट ओळखलेली नसेल, गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीची असेल. आक्षेपात तथ्य होतं. गुळवेलीच्या बहिणी आहेतच. एकीच्या खोडावर ठळक गाठी असतात. दुसरी आपल्या सह्याद्रीत भरपूर आहे, तिच्या पानाची खालची बाजू मखमलीसारखी लवदार असते, आणि तिलाही लोक गुळवेलच म्हणतात. पहाडवेल तर नवख्याला हमखास फसवते. तिचा देठ पानाच्या कडेला न जोडता थोडा आत, पानाच्या पाठीवर जोडलेला असतो, छत्रीच्या दांड्यासारखा. पण पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण मांडले. घ्यायला लागल्यापासून त्रास सुरू होईपर्यंत साधारण दीड महिना गेलेला. काही नमुन्यांची तपासणी करून ती खरी गुळवेलच होती याचीही खात्री त्यांनी केली. बऱ्याच जणांत स्वतःच्याच पेशींवर उलटणाऱ्या प्रतिकारशक्तीची खूण होती, आणि थायरॉइड किंवा मधुमेहासारखे आजार आधीपासून असणारेही त्यांत बरेच होते.

२०२१ मधला तो पहिला अहवाल वाचून आमच्या व्यवसायातल्या अनेकांना राग आला. मलाही आधी आला. मग २०२१च्या पावसाळ्यात पनवेलहून एक बाई माझ्याकडे आल्या. डोळे पिवळे, अंगाला खाज, अन्नाची वासना नाही. चार महिने रोज सकाळी गुळवेलीचा काढा. थायरॉइडची गोळी आधीपासून चालू. मी त्यांना तपासण्यांसह मोठ्या रुग्णालयात पाठवलं. काढा थांबला, उपचार झाले, त्या बऱ्या झाल्या. त्या रात्री मला आजीचं वाक्य आठवलं. ताप गेला की कडू बंद. तीन सकाळ आणि चार महिने, यांत सगळं उत्तर होतं. वाडीत मी २६ वर्षांत गुळवेलीने कावीळ झालेली पाहिली नाही, आणि त्याचं कारण वेलीत शोधण्यापेक्षा मी त्या बोटभर मापात आणि तीन दिवसांत शोधेन.

वेल वाडीतून शहरात आली ती अशी: पूड होऊन. खोडाची जाडी, तोडायची वेळ, भिजवण्याची रीत, कुणाला द्यायची नाही, कधी थांबायचं, यातलं काहीच तिच्याबरोबर आलं नाही.

औषध देणाऱ्या माणसाकडे आणखी एक कौशल्य असतं, आणि त्याची नोंद कुणी घेत नाही. ते म्हणजे नाही म्हणणं. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, चाळिशीचा एक माणूस भट्टीवरून ताप घेऊन आला. चौथ्या दिवशी आजीकडे नेला. तिने त्याला उठून अंगणापलीकडच्या उंबरापर्यंत चालायला लावलं. परत येताना तो मधेच बसला. तिने औषध दिलं नाही. “हे माझ्या हातचं नाय. बाईला फोन लावा.” मी पोचले तेव्हा ऑक्सिमीटर ८६ दाखवत होता. (काळ्या-सावळ्या कातडीवर हे यंत्र आकडा थोडा जास्त दाखवू शकतं, तेव्हा खरा आकडा त्याहून कमीही असेल.) खाट मिळेपर्यंत सात तास गेले. प्राणवायू आणि डेक्सामेथासोन यांवर तो वाचला. डेक्सामेथासोन ही जुनी, स्वस्त गोळी. प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांत तिने मृत्यू कमी होतात हे जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीतून कळलं होतं. त्याच आठवड्यात शेजारच्या वाडीतला एक माणूस घरीच वारला. त्याला सहा दिवस काढे दिले होते. रुग्णालयाच्या भीतीने घरच्यांनी कुणालाच सांगितलं नाही. दोन्ही घरांत झाडं तीच होती.

लसीच्या वेळी वाडीत आधी कुणी पुढे येईना. नोंदणी मोबाइलवर, आणि सुई घेतली की दोन वर्षांत मरतो ही अफवा. आजीने मला विचारलं, तू घेतली का. मी म्हटलं दोन्ही घेतल्या. मग तिने हात पुढे केला. तिच्या मागून त्या दिवशी सत्तावीस जणांनी घेतली.

बाजाराबद्दल लिहायला हवं, कारण कोविडमध्ये गुळवेलीने कातकऱ्यांच्या हातात पैसाही आणला. शहापूरमधल्या कातकरी तरुणांनी आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेच्या नावाने, केंद्राच्या वनधन योजनेतून, गुळवेल गोळा करून सुकवून विकायला सुरुवात केली. मोठ्या औषध कंपन्यांकडून त्यांना ३५० टन गुळवेलीची १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी आली, असं सरकारने अभिमानाने सांगितलं. अभिमान वाटावा असंच ते आहे. भट्टीच्या उचलीतून सुटण्याची वाट कुणी काढली तर मी त्याच्या बाजूने आहे. तरी भागाकार करून बघा. किलोला ४५ रुपयेसुद्धा पूर्ण होत नाहीत. त्यात तोडणं, डोक्यावरून आणणं, तुकडे करणं, सुकवणं आणि टेम्पोचं भाडं. त्याच काळात शहरातल्या दुकानात गुळवेलीच्या गोळ्यांची छोटी डबी काय भावाने जात होती ते तुम्हाला आठवत असेल.

आणि वेल कुठून यायची? वनहक्क कायद्याने २००६ मध्ये गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या वस्तूंवर, आदिवासींची मालकी मान्य केली. जैवविविधतेबद्दलच्या पारंपरिक ज्ञानावर गावाचा सामूहिक हक्कही त्यात लिहिला आहे. पण कित्येक कातकरी वाड्या अजून खाजगी जमिनीवर, मालकाच्या मर्जीवर उभ्या आहेत. अशा वाड्यांना रानावरचा सामूहिक दावा दाखल करणं अवघड जातं. त्यामुळे बरीचशी गुळवेल शेतकऱ्यांच्या कुंपणांवरून तोडली गेली, आणि मागणी वाढल्यावर काही ठिकाणी मुळापासून ओढली गेली. आजी कधीच मुळापासून ओढत नसे. वरचा भाग घ्यायची, एक हात खोड ठेवायची, आणि तोडलेल्यातला एक तुकडा जाता जाता दुसऱ्या झाडाच्या बुंध्याशी खोचायची. गुळवेल तुकड्यावरून सहज येते, लावायला काहीच कष्ट नाहीत. मागणी नोंदवणाऱ्यांनी लागवडीची अट घातली असती तर रान उघडं पडलं नसतं.

जैवविविधता कायद्याचंही सांगते. २००२च्या कायद्यात असं होतं की अशा वनस्पती आणि त्यांच्याबद्दलचं ज्ञान वापरून धंदा केला तर लाभाचा वाटा मूळ लोकांना द्यावा. केरळच्या काणी आदिवासींना आरोग्यपच्चा या वनस्पतीच्या औषधातून त्याआधीच वाटा मिळाला होता, म्हणजे हे करता येतं. २०२३च्या दुरुस्तीने ग्रंथांत लिहिलेल्या ज्ञानाला या बंधनातून सूट दिली. गुळवेल चरकसंहितेत आहे, अडुळसा आहे, भारंगी आहे. म्हणजे जे ग्रंथात आहे ते सगळ्यांचं, आणि ज्या हातांनी ते शेकडो वर्षं रानात जिवंत ठेवलं त्यांचा वाटा शून्य. मी स्वतः नोंदणीकृत वैद्य आहे, ही सूट मलाही मिळते. मला ती नको वाटते.

आता तुमचा तिसरा प्रश्न. तुम्हाला ताप-सर्दी झाली, मधुमेह, थायरॉइड, यकृताचा किंवा सांधेवाताचा आजार नाही, गरोदरपण नाही, रोजची दुसरी औषधं चालू नाहीत, आणि वेल ओळखणाऱ्या माणसाने ती स्वतः आणून दिली आहे, तर तीन दिवस गुळवेलीचं पाणी घ्यायला माझी हरकत नाही. यातलं एक जरी जुळत नसेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. पूड, गोळी, सत्त्व महिनोन्महिने घेऊ नका. लघवी गडद पिवळी झाली, खाज सुटली, अन्न नकोसं झालं तर त्याच दिवशी थांबवा आणि यकृताची तपासणी करा, आणि डॉक्टरांना काढ्याबद्दल लाजू नका, सांगा. तापात दम लागला तर काढा उकळत बसू नका.

तुम्ही शेवटी लिहिलं आहे की या वनस्पतींची नोंद करायला तुम्हाला वाडीवर यायचं आहे. या. पण आधी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला आणि वाडीच्या बैठकीला विचारा. नोंदी लोक जैवविविधता नोंदवहीत वाडीच्या नावाने जाऊ द्या, तुमच्या नावाने नकोत. जे नाव सांगणार नाहीत त्यासाठी दुसऱ्यांदा विचारू नका. माणसाचा दिवस मोडणार असेल तर त्या दिवसाची मजुरी द्या.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आलात तर बरं. आजी आता नाही, २०२३ च्या थंडीत गेली. औषध आता तिची सून देते, तेच बोटभर माप, त्याच तीन सकाळ. पहिला पाऊस झालेला असेल, भारंगी फुटलेली असेल. गुळवेल आणि पहाडवेल देठावरून कशी ओळखायची ते दाखवायला माझी गरज पडणार नाही. वाडीतली चौथीतली पोरं दाखवतील.